‘स्टार्ट’चा भव्य शुभारंभ

निवृत्तीनंतर माणसानं एखादा निरुपद्रवी छंद लावून घ्यावा असं सगळे सांगतात. माझा छंद तर इतका निरुपद्रवी की त्यासाठी उंबरासुद्धा ओलांडावा लागत नाही. कुणी गुलाब लावतं, कुणी पहाटे उठून हास्यक्लबात खोटंखोटं हसतं. मी इंग्रजी शब्दांची कुळं शोधत बसतो. अमुक शब्दाची आजी कोण, पणजोबा कुठून आले, भावकी कुठे पसरली, एवढंच. यात कुणाचं काही वाकडं व्हायचं कारण नाही. तरी परवाच्या रविवारी आमचं निम्मं आष्टा गाव भर रस्त्यात धापा टाकत होतं, आणि मी डोक्याला गुलाबी फेटा बांधून एका जीपच्या मागच्या फळीला खांदा लावून उभा होतो.

मी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवलं. ‘स्टार्ट म्हणजे सुरू करणे’ असं फळ्यावर लिहिलं की दरवर्षी माझ्या जिभेला खाज सुटायची. कारण हा शब्द मुळात सुरू करण्याचा नव्हेच. त्याची गोष्ट फार मजेदार आहे. पण मी ‘मुलांनो, या शब्दाची एक गंमत आहे’ असं म्हणायचा अवकाश, मागच्या बाकावरून आवाज यायचा, ‘सर, हे परीक्षेला हाय का?’ नाही म्हटलं की वह्या मिटायच्या. घरीही तीच तऱ्हा. जेवताना मी ‘अगं, तुला माहीत आहे का’ एवढं म्हणेपर्यंत विजयमाला, म्हणजे आमची सौभाग्यवती, ताटाकडे बोट करायची, ‘अहो, गार होतंय.’ आमटी गार होऊ नये म्हणून या घरात किती शब्दांची कुळं बुडाली असतील याची गणतीच नाही.

तेव्हा माझी एकच इच्छा होती. ‘स्टार्ट’ची गोष्ट आयुष्यात एकदा, मधे कुणी न तोडता, शेवटपर्यंत सांगायची. आणि ती ऐकताना एखाद्यानं तरी ‘मग पुढं?’ असं विचारायचं. बस्स. मला काही पुरस्कार नको होता.

आमच्या कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटात चार खुर्च्या मांडाव्यात, दुपार कलल्यावर तासभर बोलावं, चहा प्यावा आणि घरी यावं, असा साधा बेत मी केला. कॉलनीच्या मंडळाचे सचिव धम्मपाल कांबळे वीज खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, “सर, उत्तम कल्पना. पण उद्घाटक कोण?”

“व्याख्यानाला उद्घाटक कशाला?” मी म्हणालो. “मी उभा राहीन आणि बोलायला लागेन.”

शेजारी सुभेदार लालासाहेब बसले होते. फौजेतून परत आल्यापासून ऊस आणि कॉलनी अशी दोन्ही शेतं ते बघतात. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी चड्डीवर संचलनाला आलोय.

“आवं सर, आसं कसं बोलाय लागाल? येड्यावानी? आमी बोअर मारला तरी नारळ फोडतो. ट्रॅक्टरला नवं टायर घातलं तरी फोडतो. कारखान्याचा बॉयलरसुदीक पूजा केल्याबिगर पेटत न्हाई. तुमी काय बॉयलरपेक्षा मोटं हाय का?”

मी बॉयलरपेक्षा लहान आहे हे तर उघडच होतं. आमच्या भागात कुठलीही गोष्ट आपली आपण सुरू होत नाही, ती कुणीतरी सुरू करून द्यावी लागते, आणि तो कुणीतरी बाहेरचा असावा लागतो. या मुलखात जन्म काढूनही मी हे विसरलो, ही माझी पहिली चूक.

उद्घाटक म्हणून उदयसिंह दादांचं नाव निघालं. दादा इकडच्या एका साखर कारखान्याचे व्हाइस चेअरमन. त्यांचा हात शुभ आहे अशी पंचक्रोशीत ख्याती. त्यांनी फीत कापलेलं दुकान बुडत नाही म्हणतात; निदान त्यांच्या देखत तरी बुडत नाही. दादांकडे मोठी पांढरी गाडी आहे, पण शुभकार्याला ते वडिलांच्या जुन्या जीपमधूनच येतात, कारण त्या जीपमधून प्रचार केलेली निवडणूक ते कधी हरलेले नाहीत. जीपची ही गोष्ट वाचकांनी जरा लक्षात ठेवावी.

दादांनी होकार दिला आणि माझ्या चार खुर्च्यांचा मांडव झाला. मांडव म्हटल्यावर फ्लेक्स आला. फ्लेक्सवाला साईराज माझाच विद्यार्थी. मी त्याला मजकूर लिहून दिला: ‘स्टार्ट : एका क्रियापदाची कुळकथा. वक्ते : शेटे सर.’ त्यानं तो आदरानं वाचला, पाया पडला आणि बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात फ्लेक्स झळकला. वर मधोमध उदयसिंह दादा, फोन कानाला लावून. त्यांच्या दोन्ही बाजूंना लालासाहेब आणि धम्मपाल. त्यांच्या भोवती कॉलनीतले सगळे, कारण एकाचा फोटो घेतला आणि दुसऱ्याचा गाळला तर पुढच्या पिढीपर्यंत बोलणं बंद होतं. लालासाहेबांचा लष्करी गणवेशातला तरुणपणीचा फोटोसुद्धा वेगळा होता. मधे भल्या मोठ्या अक्षरांत ‘भव्य शुभारंभ’. कशाचा, ते कुठेच नव्हतं. मी बराच वेळ स्वतःला शोधत होतो. शेवटी खालच्या कोपऱ्यात, ‘शुभेच्छुक’ या मथळ्याखाली, तीर्थयात्रेत हरवलेल्या माणसासारखा माझा फोटो सापडला. माझ्याच व्याख्यानाला मी शुभेच्छा देत होतो.

साईराजला फोन केला. “सर, जागाच उरली न्हाई वो,” तो म्हणाला. “कुणाचं मुंडकं काढू सांगा, तितं इषय बसवतो.”

मुंडकं काढायची माझी हिंमत झाली नाही. मग व्हायचं तेच झालं. शेटे सर काहीतरी टाकतायत ही बातमी गावभर झाली. दूधवाला म्हणाला, झेरॉक्स टाका, कॉलेजची पोरं येतील. केस कापणाऱ्यानं सल्ला दिला की रसवंती टाकू नका, ऊस आपल्याच गावात पिकतो, लोक फुकट चघळतात. लालासाहेबांच्या मातोश्री राहीबाई काठी टेकत दारात आल्या आणि मला म्हणाल्या, “मास्तर, चक्की टाकताय न्हवं? बरं केलंसा. लांबच्या चक्कीवाल्याचं पीठ लय भरडं पडतंय. माझं जुंधळं पैल्यांदा दळायचं बगा.”

“राहीबाई, चक्की नाही. मी एका शब्दाबद्दल बोलणार आहे.”

“बोला की, बोला. दळताना बोलत ऱ्हावा. कोन नगं म्हंतंय?”

विजयमालाची अवस्था माझ्याहून वाईट. तिची धाकटी बहीण सोनम कोरेगावला असते. तिला कुणीतरी फ्लेक्सचा फोटो पाठवला. तिनं फोनवरच गळा काढला, “अक्का, दुकान टाकलंसा आन् सख्ख्या भनीला सांगितलं न्हाईसा!” विजयमालानं परोपरीनं समजावलं की दुकान नाही, भाषण आहे. तिकडून उत्तर आलं, “भाषनाला कवा येवढा फ्लेक्स आसतो व्हय?” आणि सोनम दुकानात लावायला भलंमोठं भिंतीवरचं घड्याळ घेऊन एस्टीत बसली.

“तुम्ही जेवताना बोलत होता तेच बरं होतं,” विजयमाला मला म्हणाली. तिच्या तोंडून असं वाक्य येईल असं मला कधी वाटलं नव्हतं, पण त्या वेळी त्याचा आनंद घेण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

फ्लेक्स कचेरीच्या खिडकीतूनही दिसत होता. कुठली कचेरी ते विचारू नका, मला अजून तिथे घरपट्टी भरायची आहे. स्पीकरच्या परवानगीसाठी गेलो तर टेबलापलीकडच्या अंकिता मॅडमनी मला आधी बसवलं आणि मग विचारलं, “व्यवसाय कोणता सुरू करताय?”

“व्यवसाय नाही. व्याख्यान आहे.”

“मग शुभारंभ कशाचा?”

“शब्दाचा. म्हणजे शब्द आधीपासून सुरूच आहे. सुरू होण्याचाच शब्द आहे तो. तो कसा सुरू झाला ते मी सांगायला सुरुवात करणार आहे.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या चांगल्या घरच्या होत्या, हसल्या नाहीत. “सर, पिठाची गिरणी, मिठाई, मोबाइल दुरुस्ती, सगळ्यासाठी माझ्याकडे रकाना आहे. शब्दासाठी नाही. मी ‘इतर’ लिहू का?”

“लिहा,” मी म्हणालो. जन्मभराची विद्या ‘इतर’मध्ये जमा झाली. मॅडमनी शिक्का मारला आणि मी निघताना विचारलं, “ते इतर घरपोच मिळतं का?”

रविवार उजाडला. विषय कुणाला माहीत नसल्यामुळे गर्दी तुफान झाली. ‘क्रियापद’ असं फ्लेक्सवर छापलं असतं तर एवढी माणसं आली नसती, हे मी साईराजच्या बाजूनं प्रामाणिकपणे नमूद करतो. मांडवाच्या एका टोकाला मसालेभाताची डेग चढली होती. पहिल्या रांगेत राहीबाई जोंधळ्याची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दुसऱ्या रांगेत सोनम, घड्याळासह.

दादा आले, जीपमधून. त्यांनी नारळ फोडला आणि तो नासका निघाला. मांडवात कुजबुज सुरू झाली. एक गट म्हणाला, नासका नारळ म्हणजे नवस पोचला. दुसरा म्हणाला, छे, दुसरा फोडा. दादांच्या हाताची ख्याती पणाला लागली होती, म्हणून लालासाहेबांनी माणूस बाजारात पिटाळला. तो शहाणा, नारळांचं पोतंच घेऊन आला. दुसरा नारळ चांगला निघाला, टाळ्या पडल्या, धम्मपाल प्रास्ताविकाला उभे राहिले आणि वीज गेली.

वीज खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाच्या भाषणात वीज जावी यासारखा अपमान नाही. धम्मपाल पेटून उठले. “पाच मिनिटं द्या,” असं म्हणून त्यांनी वायरी काढल्या आणि ध्वनिवर्धक थेट दादांच्या जीपच्या बॅटरीला जोडला. माइक पुन्हा कडाडला. त्यांच्यासाठी झालेल्या टाळ्या दादांच्या नारळापेक्षा जास्त होत्या.

मग सत्कार. दादांचा शाल, श्रीफळ आणि फेटा देऊन. मग दादांच्या हस्ते लालासाहेबांचा. लालासाहेबांच्या हस्ते धम्मपालांचा. मांडववाल्याचा. साईराजचा, ‘आकर्षक फ्लेक्सबद्दल’. नारळांचं पोतं होतंच, त्यामुळे सत्काराला तोटा नव्हता. प्रत्येक सत्कारमूर्ती दोन शब्द बोलली. आमच्याकडे ‘दोन शब्द’ हे एक माप आहे, ते कुठे संपतं हे कुणी मोजलेलं नाही. सगळ्यांत शेवटी ‘ज्यांच्यामुळे आपण इथं जमलो ते’ म्हणून माझ्या डोक्यावर गुलाबी फेटा चढला. फेटा बांधणाऱ्यानं तो इतका ओढून बांधला की माझ्या भुवया वर गेल्या त्या गेल्याच. तिथून पुढे शेवटपर्यंत मी चकित दिसत होतो.

तोवर मसालेभाताचा वास मांडवात शिरला होता आणि मागच्या रांगा वासाच्या दिशेनं सरकत होत्या. मी माइकसमोर उभा राहिलो. खिशातले कागद काढले, चष्मा पुसला. आयुष्यभर थोपवून धरलेलं पहिलं वाक्य ओठांवर आणलं.

“मित्रहो, स्टार्ट हा शब्द...”

माइक विझला. मी आवाज चढवून पुन्हा सुरुवात केली, तर दादा घड्याळाकडे बघत उठले. संध्याकाळी कारखान्याच्या बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं आणि मुहूर्त जवळ आला होता. दादांच्या हातानं बॉयलर पेटल्याशिवाय हंगाम लागत नाही. धम्मपालांनी तोंडाशी हात धरून ओरडून सांगितलं, “वेळेअभावी सरांचं भाषण वाचलं असं समजावं! सर्वांनी भोजनाचा लाभ घ्यावा!”

मी तिथेच उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले. फेट्यामुळे ते मिटतही नव्हते. मला दादांचा राग आला नाही, धम्मपालांचाही नाही. आपण हे सगळं कशासाठी केलं आणि ते तेवढंच कसं राहून गेलं, याचं वाईट वाटलं.

दादा जीपमध्ये बसले आणि त्यांनी चावी फिरवली. जीप हूं की चूं करेना. सगळ्या सत्कारमूर्तींचे दोन-दोन शब्द त्या बॅटरीनं एकटीनं ओढले होते, तिच्यात कुठला जीव? दादा घामाघूम झाले. मुहूर्त टळला तर सगळा कारखाना त्यांच्या नावानं शिमगा करणार होता. आणि दुसऱ्या कुणाच्या गाडीतून जायला ते तयार नव्हते. शुभकार्य आणि ही जीप, यात तडजोड नव्हती.

“ढकला!” लालासाहेबांनी हुकूम सोडला. “समदी या! बायाबी या! दादा, दुसरा गिअर टाका, कलच दाबून धरा. मी म्हंतो तवाच सोडा. सर, तुमी का हुबं? लावा खांदा!”

प्लॉटापासून मोठ्या रस्त्यापर्यंत चढ आहे. अर्ध्या गावानं हात लावले. डावीकडे पदर खोचून विजयमाला, तिच्याजवळ सोनम, मधे मी, उजवीकडे लालासाहेब, मागून, पिशवी काखेत धरून, काठीनं जीपला टोचत राहीबाई. थोडं गेलो की दम लागायचा, मग सगळे चाकामागं दगड लावून धापा टाकत उभे राहायचे. अशा एका थांब्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. जीप ढकलणारा माणूस जेवायला पळू शकत नाही, आणि दमलेला माणूस मधे बोलू शकत नाही. असा श्रोतृवर्ग मला उभ्या जन्मात मिळाला नव्हता.

“मित्रहो,” मी जीपच्या फळीवर गाल टेकवून म्हणालो, “स्टार्ट हा शब्द मुळात गाडीचा नाही. सुरू करण्याचाही नाही. फार जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता उडी मारणे. उसळणे. दचकणे. कुणी मागून भॉक केलं की माणूस उसळतो ना, ते स्टार्ट!”

मधे बोलायला कुणात श्वासच नव्हता. मी पुढे सरकलो, जीपही सरकली.

“मग शिकारी लोक तो वापरायला लागले. झुडपात दबा धरून बसलेला ससा हाकारे घालून उठवायचा, त्याला म्हणायचे ससा स्टार्ट केला.”

“आयला!” लालासाहेब धापा टाकत म्हणाले. “म्हंजी उसाचा फड सपत आला की शेवटच्या वळीतनं ससा उटतो, तसं!”

“तस्सं!” मी जवळजवळ ओरडलो. “सुभेदार, अगदी तस्सं!”

“माज्या तर पदरात घुसल्याला एकदा,” राहीबाई मागून म्हणाल्या.

“बरं, ससा उठला,” मी म्हणालो. “आता यातूनच पुढे...”

“सोडा कलच!” लालासाहेब गरजले.

चढ संपला होता. जीपनं असा आचका दिला, अशी उसळली, की माझा गाल फळीवरून सुटला, लालासाहेब रस्त्यावर बसले आणि राहीबाईंची पिशवी फुटून जोंधळा सांडला. कुठल्याही विद्यापीठात या शब्दाचं इतकं चोख प्रात्यक्षिक झालं नसेल. धुराचा लोट सोडून जीप सुटली, दादांनी मागे न बघता हात हलवला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. जीपसाठी. मग सगळे वळून मसालेभाताकडे धावले. मी रस्त्यात ‘आता यातूनच पुढे’ या शब्दांवर तसाच उभा राहिलो. थोड्या वेळानं खाली बसून राहीबाईंना जोंधळा वेचू लागलो. काहीतरी करायला हवं होतं.

बॉयलर मुहूर्तावर पेटल्याचं लालासाहेबांनी सांगितलं. सोनमनं घड्याळ आमच्या स्वयंपाकघरात लावलं आणि मुक्काम न करता गेली, दुकान नसल्याचा तिला खराच राग आला होता. रात्री मी जेवायला बसलो. मांडवातला भात मला उतरला नव्हता, म्हणून विजयमालानं भाकरी आणि आमटी केली होती. फेटा काढल्यावर भुवया जाग्यावर आल्या होत्या, पण तोंड उघडायची इच्छा नव्हती. मी खाली मान घालून भाकरी मोडली.

विजयमालानं माझं ताट पुढून ओढलं आणि त्यावर दुसरं ताट पालथं घातलं.

“अगं, गार होईल,” मी म्हणालो.

“होऊ दे,” ती म्हणाली. समोर पाटावर बसली, ढकलून ढकलून लाल झालेले तळहात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “तो ससा उठला. मग पुढं?”

मी तिच्याकडे बघतच राहिलो. कागद खिशात होते, गोष्ट पाठ होती, मधे तोडणारं कुणी नव्हतं. आणि काही केल्या मला सुरुवातच करता येईना. नव्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

तिनं कोपऱ्यातल्या, सत्कारातून उरून घरी आलेल्या पोत्याकडे हात लांबवला.

“काय हो,” ती म्हणाली, “नारळ फोडू का?”